वाघिणीची दुसरी बाजू

सीव्हीमध्ये ‘हॉबीज’ नावाचा एक कॉलम असतो. आपण सगळेच तिथे ‘रीडिंग, म्युझिक, ट्रॅव्हलिंग’ असं ठोकून देतो आणि पुढच्या कॉलमकडे वळतो. खरं सांगायचं तर सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी लाँड्री आणि रविवारी झोप, यातून छंदाला वेळ मिळतोच कुणाला? त्यामुळे एखादा माणूस रेल्वेच्या एका मालडब्यावर तीन वर्षं काम करतोय असं ऐकलं, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘याला दुसरं काही काम नाही का?’

बरं, डबाही खरा नाही. हातात मावेल एवढा, दहाएक सेंटिमीटर लांबीचा. आणि या तीन वर्षांत त्या माणसानं करवत, कानस, रंगाचा ब्रश फारसा हातात घेतलेलाच नाही. तो फक्त शोधतोय. शंभर वर्षांपूर्वी हा डबा नेमका कसा होता, एवढंच!

अशी माणसं इंग्लंडमध्ये पैशाला पासरी आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी मँचेस्टरला मावसभावाकडे गेले होते. फ्रीलान्सरची सुट्टी ही कधीच पूर्ण सुट्टी नसते. तिकिटाचे थोडे तरी पैसे वसूल व्हावेत म्हणून ‘ब्रिटिशांचे विचित्र छंद’ असा आठशे शब्दांचा फीचर एका संपादकांच्या गळ्यात मारला होता. म्हणून एका शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात जाऊन धडकले. मोठ्या थर्मासमधला चहा, घरी केलेले केक आणि पंधरा-वीस टेबलांवर पसरलेली चिमुकली स्टेशनं. प्रत्येक टेबलामागे खिशात स्क्रू ड्रायव्हर असलेले, कमालीचे गंभीर चेहऱ्याचे काका लोक.

तिथे पहिला धडा मिळाला तो साडेसोळाचा. ब्रिटनमधल्या बहुतेक मॉडेल रेल्वे ‘डबल ओ’ गेजच्या असतात. म्हणजे खऱ्या एका फुटाला मॉडेलचे ४ मिलिमीटर. या हिशोबानं ४ फूट साडेआठ इंचांचा रूळमार्ग १८.८३ मिलिमीटरचा व्हायला हवा. पण दुकानात मिळतो तो १६.५ चा! कारण युरोपातल्या मॉडेलचं प्रमाण जरा लहान, फुटाला साडेतीन मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं बारीक, त्यामुळे त्या प्रमाणातल्या इंजिनात तेव्हाची मोटर बसेना. मग उत्पादकांनी इंजिनं वाढवली आणि रूळ तेवढेच ठेवले. परिणाम असा, की या सगळ्या गाड्या खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद रुळांवरून धावतात. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. काहींना मात्र रात्री झोप लागत नाही. ते १८.८३ चे रूळ स्वतःच्या हातानं बनवतात.

मला ही झोप न लागणारी मंडळी जास्त इंटरेस्टिंग वाटली.

कारण त्यांच्या सगळ्या गप्पा एकाच शब्दाभोवती फिरतात. ‘कशावरून?’ अमुक इंजिनाची चिमणी एवढी उंच होती. कशावरून? तमुक डबा तपकिरी होता. कशावरून? जुना फोटो बघून करायचं, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण फोटो बेरकी असतात. कारखान्यातून नवं इंजिन बाहेर पडलं, की अधिकृत फोटोसाठी त्याला मुद्दाम मंद करडा रंग लावायचे. त्यात बारकावे छान उठून दिसायचे. फोटो झाला की मग खरा रंग. म्हणजे जे इंजिन फोटोत इतकं देखणं दिसतं, ते तसं रुळांवर कधी धावलंच नाही! शिवाय त्या काळच्या प्लेट्सना लाल रंग दिसायचा नाही. लाल जवळजवळ काळा उमटायचा आणि निळा पांढुरका. मग रंग शोधायचा कुठे? कंपनीच्या रंगखात्याच्या नोंदींत, जुन्या बिलांत, कुणीतरी खरवडून जपलेल्या रंगाच्या खपलीत.

प्रसिद्ध इंजिनांची माहिती भरपूर आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा विक्रम करणारं ‘मॅलार्ड’ तर आजही यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे. पट्टी घेऊन जा आणि मोजा. खरी मजा अनोळखी इंजिनांची. ग्रेट ईस्टर्न रेल्वेनं १९०२ मध्ये ‘डेकापॉड’ नावाचं दहा जोडचाकांचं एकच इंजिन बनवलं. लंडनच्या उपनगरांत विजेची रेल्वे येऊ घातली होती. वाफेचं इंजिनही गाडीला तीस सेकंदांत ताशी तीस मैलांचा वेग देऊ शकतं, हे दाखवायचं होतं. इंजिनानं ते करून दाखवलं! पण ते इतकं जड होतं, की त्यासाठी रूळ आणि पूल मजबूत करावे लागले असते. १९०६ मध्ये त्याचं रूप पार बदलून टाकलं आणि १९१३ मध्ये ते भंगारात गेलं. काम फत्ते करून बेकार झालेलं इंजिन. आपल्यापैकी काहींना ही गोष्ट ओळखीची वाटेल!

आणि डबे? त्यांचं जग तर आणखी वेगळं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं तारेतले शब्द वाचावेत म्हणून मालडब्यांना सांकेतिक नावं दिली होती. बंद डबा म्हणजे ‘मिंक’, गार्डाचा डबा ‘टोड’, बॉयलरसारखी अवजड वस्तू नेणारी खोलगट गाडी ‘क्रोकोडाइल’, मासळीचा डबा ‘ब्लोटर’. थॉमस द टँक इंजिन बघत वाढलेल्यांना त्यातला टोड आठवेल. तो गार्डाचाच डबा आहे. मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे एकजात सगळ्या मालडब्यांना ‘वाघीण’ म्हणतात, आणि ते रूप तुमच्या ‘वॅगन’चंच आहे. टेबलापलीकडच्या तिघांनी लगेच वह्या काढल्या.

त्या तिघांतल्या एकानं विचारलं, ‘भारतात कुठून?’ सत्तरीच्या पुढचे, निवृत्त शिक्षक. मी म्हटलं, पुणे, पण आजोळ कुर्डुवाडीचं, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बार्शी रोड!’

आता कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव बार्शी रोड होतं, हे आमच्या घरातही फक्त आजोबांना माहीत असेल. हे गृहस्थ मँचेस्टरजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये बसून ते मला सांगत होते! त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’.

मग त्यांनी जी गोष्ट सांगितली, ती मी नंतर तपासून घेतली. आपल्या जीआयपी रेल्वेत एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज अधिकारी होता. कमी खर्चात खेड्यापाड्यांत रेल्वे कशी नेता येईल, या विचारानं त्याला पछाडलं होतं. त्यानं अडीच फुटी गेज निवडलं आणि एक नियम घातला. इंजिन असो की भरलेली वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको. भार सारखा वाटला तर रूळ हलके चालतात. रूळ हलके, तर खर्च कमी. त्यानं वाघिणी दाबलेल्या पोलादाच्या हलक्या सांगाड्यांवर बनवून घेतल्या आणि इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीकडून. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. तीच आपली बार्शी लाइट. पुढे ती लातूरपासून पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर पसरली.

इथपर्यंत ठीक आहे. पुढचा भाग भन्नाट आहे. बार्शीचं बघून इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशरच्या एका दरीत रेल्वे बांधायला कॅल्थ्रॉपलाच बोलावलं. १९०४ मध्ये वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड ही सव्वाआठ मैलांची लाइन सुरू झाली. तेच अडीच फुटी गेज, तीच किटसन कंपनी, बार्शीच्याच धर्तीवरची इंजिनं. समोर भलामोठा हेडलॅम्प, जणू माढ्याच्या माळरानावरून रात्री धावायचं आहे! इंजिनं दोनच. एकाचं नाव ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. मोठ्या रेल्वेचे डबे उचलून न्यायला खास गाड्या होत्या, म्हणजे मोठा डबा छोट्या गाडीच्या पाठीवर बसून दरीत जायचा. मुख्य माल म्हणजे दूध. ही लाइन कुठूनच निघत नाही आणि कुठेच पोचत नाही, असा विनोद तिथे प्रसिद्ध आहे. १९३४ मध्ये ती बंद पडली. दोन्हीपैकी एकही इंजिन शिल्लक नाही. रुळांच्या जागी १९३७ पासून पायवाट आहे. आपल्याकडची गोष्ट तिकडे नेली गेली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. सगळं तिकडूनच इकडे आलं, असाच आपला समज!

(कॅल्थ्रॉपचं पुढे काय झालं? १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. त्यानंतर या रेल्वेवाल्यानं पॅराशूट बनवायला घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘गार्डियन एंजल’. एका माणसाच्या सीव्हीत किती कॉलम असावेत!)

तर हे शिक्षक त्या दरीचं मॉडेल बनवत होते. त्यातली एक उघडी वाघीण तीन वर्षं अडली होती. मापं होती. फोटोही होता, पण एकाच बाजूचा. दुसरी बाजू कुठल्याच फोटोत नाही. ‘रेखाचित्र सांगतं वाघीण कशी बनवली,’ ते म्हणाले, ‘ती कशी वापरली हे सांगत नाही.’ रंग कुठे उडायचा? पत्रा कुठे चेपायचा? गंज आधी कुठे धरायचा? अशी वाघीण रोज हाताळलेला माणूस इंग्लंडमध्ये आता जिवंत असणं शक्य नव्हतं. लाइन बंद होऊन नव्वद वर्षं झाली होती.

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं फिटर होते.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, ‘त्यांना त्रास होणार नसेल, तर मी काही प्रश्न लिहून देऊ का?’ तिसऱ्या दिवशी तेवीस प्रश्नांची यादी आली. प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने. पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज.

आजोबा तेव्हा सत्त्याऐंशीचे होते. विसरभोळेपणा सुरू झाला होता. डॉक्टरांनी त्याला एक मोठं नाव दिलं होतं आणि हळूहळू वाढत जाईल असंही सांगितलं होतं. सकाळी नाश्ता काय केला हे दुपारी आठवायचं नाही. आम्ही सगळे त्यांना फोनवर तेच ते विचारायचो. ‘आजोबा, बरे आहात ना? गोळ्या घेतल्या? जेवलात?’ तेही तीच ती उत्तरं द्यायचे. ‘हो. हो. जेवलो.’ फोन संपला.

त्या रविवारी इंग्लंडमधल्या सकाळी अकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनला, मामीनं व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यासमोर उशीला टेकवून ठेवला. मी विचारलं, ‘आजोबा, उघड्या वाघिणीचा रंग आधी कुठे उडायचा?’

त्यांनी मान वर केली. ‘कुणाला पाहिजे?’

‘इथे एक मास्तर आहेत. ते छोटी वाघीण बनवतायत.’

‘मास्तरांना सांग,’ ते म्हणाले, ‘रंगवलेली वाघीण आठवडाभर रंगाची असते. मग ती मालाची होते. शेंगा भरल्या तर शेंगांची, खत भरलं तर खताची.’ आणि मग जे सुरू झालं, ते दीड तास थांबेना! दाराच्या खाली पत्रा घासून चांदीसारखा चकचकीत होतो. तिथे गंज धरत नाही, कारण तिथे रोज माल घासतो. गंज बघायचा तर कोपऱ्यात, जिथे झाडू पोचत नाही. चढायला जिथे पाय ठेवतात तिथे कड गुळगुळीत होते, पण एकाच बाजूला, कारण हमाल सवयीनं एकाच बाजूनं चढतात. मालधक्क्याकडची बाजू आणि उन्हाकडची बाजू कधी सारख्या दिसत नाहीत. आषाढीला गाडीच्या टपावर माणसं बसायची, तेव्हा पत्र्याला कसे पोचे पडायचे, तेही आलं.

मधेच ते थांबले. ‘हे पुढचं मी बघितलेलं नाही हां. माझ्या मिस्त्रींनी सांगितलेलं. तसं लिही.’

मी ‘ऐकलेलं’ या रकान्यात खूण केली. मास कॉमला असताना ‘सोर्स तपासा’ हे आम्हाला दोन वर्षं घोकून घोकून शिकवलं. त्याचं इतकं नेमकं प्रात्यक्षिक मला कुर्डुवाडीच्या एका खाटेवरून, एका निवृत्त फिटरकडून मिळालं.

मास्तरांनी उत्तरं दोनदा वाचली. आणि निम्म्यांवर काट मारली! मी बघतच राहिले. ‘तुमच्याकडची धूळ मी घेणार नाही,’ ते म्हणाले. ‘इथे पाऊस आहे आणि माल दुधाचा आहे. शेंगांचा रंग इथे खोटा होईल. पण माणूस चढतो कसा, झाडतो कसा, हे दोन्हीकडे सारखंच असणार. तेवढं मी घेईन.’ आणि ते ‘अंदाज’ या रकान्यात लिहिलं. एवढ्या प्रेमानं आलेली माहितीही त्यांनी सरसकट घेतली नाही. मला वाटतं, आजोबांचा यापेक्षा मोठा मान कुणी ठेवला नसता. त्यांचं बोलणं कुणीतरी खरंखोटं करण्याइतकं गांभीर्यानं घेतलं होतं.

तेवीसपैकी चौदा प्रश्नांची उत्तरं मिळाली. उरलेले नऊ पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या रविवारी करायचे होते. मी परत आले, कामं लागली, आजोबा पावसाळ्यात आजारी पडले. दिवाळीत मी कुर्डुवाडीला गेले तेव्हा त्यांनी मामीला विचारलं, ‘ही कोण?’ यादी माझ्या पर्समध्ये होती. ती बाहेर काढण्यात अर्थ नव्हता. ते नऊ रकाने रिकामेच राहिले. बार्शी लाइटची छोटी गाडीही २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद झाली. तिथे आता ब्रॉडगेज आहे. ते नऊ प्रश्न विचारायला माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही.

मी मास्तरांना तसं कळवलं. वाटलं होतं, आता ते उरलेलं मनानं भरतील. कोण तपासणार आहे? दहा सेंटिमीटरची वाघीण, बंद पडलेल्या लाइनवरची! तसं बघितलं तर त्यांच्या मॉडेलचे रूळही खरे नव्हते. अडीच फुटांचे या प्रमाणात १० मिलिमीटर होतात आणि त्यांनी बाजारातले ९ चे वापरले होते. तीन इंचांचा फरक त्यांनी मान्य करून टाकला होता, कारण तो त्यांना माहीत होता.

गेल्या वर्षी फोटो आला. वाघीण तयार झाली होती. फोटोत दिसणारी बाजू नेमकी, कोपऱ्यात गंज, दाराखाली चकाकी. आणि दुसऱ्या बाजूवर, काठापासून खालपर्यंत, एक छोटीशी ताडपत्री सोडलेली. हा या लोकांचा जुना फंडा आहे. जे माहीत नाही ते बनवायचं नाही, त्यावर ताडपत्री घालायची. मालगाडीवर ताडपत्री असतेच, त्यामुळे ती खोटी दिसत नाही. ज्याला कळायचं त्याला मात्र कळतं, की इथे माहिती संपली.

मामानं तो फोटो मोठा करून आजोबांच्या समोर धरला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘दोरी सैल आहे. वाऱ्यानं उडेल.’

मी हे मास्तरांना कळवलं. चार दिवसांनी दुसरा फोटो आला. दोरी आवळलेली.

ब्रिटिशांच्या विचित्र छंदांचा तो फीचर कधीच छापून आला, पैसेही मिळाले. त्यात यातलं काही नव्हतं, आठशे शब्दांत बसलं नसतं. पण तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मुलाखतीला तीन रकाने असतात. पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज.

तुमच्याही घरी कुणीतरी असेल. गिरणीत होते, एसटीत होते, तार खात्यात होते, चाळीस वर्षं शाळेची घंटा दिली. या रविवारी फोन कराल तेव्हा ‘जेवलात का’ एवढ्यावर थांबू नका. काहीतरी नेमकं विचारा. मशिनचा पट्टा तुटला की आधी काय करायचात? घंटेचा टोल कशाचा होता? आणि उत्तर लिहून घ्या, बाजूला रकाना आखून. पुढचा रविवार मिळेलच, हे कशावरून?